पोस्टकार्डावरचे प्रश्न : डॉ. जयंत नारळीकरांविषयी वाचकांची पत्रे

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत त्यांच्याविषयीच्या प्रश्नांचे प्रमाण इतके वाढले की एक अख्खे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. नारळीकरांची एक सवय अनेकांना ठाऊक आहे. व्याख्यान संपल्यावर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते सांगत, की मला पोस्टकार्डावर एक वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि उत्तराखाली स्वाक्षरी असेलच. फुकटची स्वाक्षरी मिळणार नाही, प्रश्नाची किंमत मोजावी लागेल, असा हा साधा व्यवहार होता. प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्या माणसाला या गोष्टीचा थोडा हेवा वाटतो, कारण आमच्याकडे येणारी बरीच पत्रे प्रश्नापेक्षा मतच अधिक मांडतात. या वेळची पत्रे मात्र खरोखर प्रश्न विचारणारी आहेत. मजकूर थोडक्यात केला आहे आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला असे आम्हाला शिकवतात. नारळीकरांनी तर आयुष्यभर महास्फोटाला विरोध केला. मग त्यांचे संशोधन चुकीचे ठरले, असे म्हणायचे का? आणि तसे असेल तर त्यांना मोठे शास्त्रज्ञ का मानतात? (लातूर)

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, पण आदरापोटी विचारला जात नाही. तुम्ही विचारलात हे चांगले केलेत. उत्तर लांबेल.

आधी वाद काय होता ते पाहू. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जात आहेत, म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. प्रसरण होत असेल तर द्रव्य विरळ होत जाणार, आणि काळात मागे गेलो तर ते अधिकाधिक दाट होत एका क्षणी सारे एकवटलेले असणार, असे एक पक्ष म्हणत होता. हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ साली दुसरी शक्यता मांडली. विश्व प्रसरण पावताना रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहिले, तर विश्वाचे सरासरी रूप सर्वकाळ सारखेच राहील आणि त्याला आरंभ मानण्याची गरज उरणार नाही. यासाठी लागणारी निर्मिती अगदी नगण्य होती : एका घनमीटर जागेत साधारण शंभर कोटी वर्षांत एखाद-दुसरा हायड्रोजन अणू. हेच ते स्थिर स्थिती विश्वाचे प्रारूप. गंमत अशी, की प्रतिपक्षाच्या सिद्धांताला ‘बिग बँग’, म्हणजेच महास्फोट, हे नाव १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात हॉइल यांनीच दिले.

नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी झाले तेव्हा हा वाद ऐन भरात होता. १९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची, म्हणजे आकाशात रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूंची, मोजणी करून असा निष्कर्ष काढला, की दूरवरच्या, म्हणजेच प्राचीन, विश्वात असे स्रोत अधिक दाटीने दिसतात आणि म्हणून विश्व स्थिर स्थितीत नाही. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत याला उत्तर द्यायचे होते. हॉइल यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचे असल्यामुळे उत्तर देण्याचे काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यावर सोपवले. पीएच.डी. व्हायला अजून दोन वर्षे असलेला, बावीस वर्षांचा मुलगा राईल यांच्यासारख्या माणसासमोर उभा राहून आकडेमोड मांडतो, हे दृश्य मला नारळीकरांच्या सर्व पुरस्कारांपेक्षा अधिक बोलके वाटते.

द्रव्य ‘निर्माण’ होते, असे नुसते म्हणून भागत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडल्याचा आरोप होतोच. हॉइल आणि नारळीकर यांनी सी-क्षेत्र (‘क्रिएशन’मधला सी, म्हणजे द्रव्य निर्माण करणारे क्षेत्र) या कल्पनेला गणिती रूप दिले. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असल्यामुळे निर्माण झालेल्या द्रव्याच्या धन ऊर्जेशी तिचा हिशेब जुळतो आणि नियम अबाधित राहतो. १९६४ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, त्यामागे माखचे तत्त्व होते : वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याच्या अस्तित्वामुळे तिला ते मिळते. वृत्तपत्रांनी या सिद्धांताची मोठी दखल घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

त्याच १९६५ साली पेंझियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मलहरींचे (मायक्रोवेव्ह) प्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंश आहे. उष्ण आरंभाची ती विझत आलेली ऊब आहे, असे बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी मानले, आणि मूळ स्थिर स्थिती प्रारूपाचा पाया त्यानंतर खचला. नारळीकर, हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती पुढे आणली. तीत विश्व हजारो कोटी वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरण पावत एकंदरीत वाढत राहते आणि द्रव्यनिर्मिती ठिकठिकाणी लहान स्फोटांत होते. सूक्ष्मलहरी प्रारण हे ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्याने तयार होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हे प्रारूप बहुसंख्यांनी स्वीकारले नाही, आणि आज उपलब्ध असलेला पुरावा महास्फोटाच्या बाजूने भक्कम आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘होय, बव्हंशी’ असे आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर त्यावर अवलंबून नाही. विरोधक जागा असला की सिद्धांताला आपली कागदपत्रे नीट ठेवावी लागतात. विश्वाला उष्ण आरंभच नसेल तर कार्बन आणि लोखंड कुठे तयार झाले, हा प्रश्न स्थिर स्थितीवाल्यांना टाळता येत नव्हता. हॉइल, बर्बिज दांपत्य आणि फाउलर यांनी १९५७ साली दाखवून दिले, की ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात, आणि ते उत्तर आजही टिकून आहे. ते काम नारळीकरांचे नव्हे, हे खरे, पण ज्या घराण्यात ते शिकले त्याची रीत यावरून कळते.

नारळीकरांबाबत दुसरी एक गोष्ट मी अधिक महत्त्वाची मानतो. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या विश्वरचनाशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात महास्फोटाचे प्रमाण प्रारूप सविस्तर आणि प्रामाणिकपणे शिकवलेले आहे, आणि पर्यायी मते पर्याय म्हणूनच येतात. आपले मत विद्यार्थ्याच्या गळी उतरवण्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तक वापरले नाही. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले थानू पद्मनाभन पुढे जगन्मान्य विश्वरचनाशास्त्रज्ञ झाले, आणि गुरूच्या पर्यायी विश्वाचे निशाण त्यांना खांद्यावर घ्यावे लागले नाही.

प्रश्न : मी गेली अठरा वर्षे अमेरिकेत संशोधन करतो. केंब्रिजमध्ये सर्व काही असताना नारळीकर १९७२ साली भारतात का परतले, आणि परत येऊन त्यांनी नेमके काय साधले, हे भावनेला बाजूला ठेवून सांगाल का? (न्यू जर्सी)

माणूस परत का येतो याचे उत्तर त्याचे त्यालाच ठाऊक असते, तेव्हा काय साधले एवढेच सांगतो.

केंब्रिजमध्ये ते किंग्ज कॉलेजचे फेलो होते आणि हॉइल यांनी उभारलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्राच्या संस्थेत आरंभापासून काम करीत होते. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथे सैद्धांतिक खगोलभौतिकीचा गट वाढला. पण भारतात या विषयाची खरी अडचण मुंबईत नव्हती, ती विद्यापीठांत होती. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात भौतिकीचा हुशार प्राध्यापक असे, त्याला संशोधनाची इच्छा असे, पण त्याच्याकडे नियतकालिके नव्हती, संगणक नव्हता, दुर्बिणीवर वेळ मिळण्याची सोय नव्हती आणि चर्चा करायला दुसरा माणूसही नव्हता. पाच-सात वर्षांत तो शिकवण्या आणि परीक्षेच्या कामात मुरून जाई.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यश पाल यांच्या पुढाकाराने १९८८ साली पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन झाले ते याच दुखण्यावर इलाज म्हणून. नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते आणि २००३ पर्यंत त्या पदावर होते. अजित केंभावी आणि नरेश दधीच हे आरंभापासूनचे सहकारी. दधीच हे नारळीकरांच्या वडिलांचे, विष्णु वासुदेव नारळीकर यांचे, विद्यार्थी. या संस्थेची रचना अशी, की देशभरातील विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे अध्यापक तिचे सहयोगी सदस्य होतात, वर्षातून काही काळ येऊन राहतात, ग्रंथालय आणि संगणक वापरतात, सहकाऱ्यांबरोबर काम करतात आणि आपापल्या गावी परततात. आपली नोकरी सोडून पुण्यात यायचे नाही, हा त्यातला कळीचा भाग आहे. तुमच्यासारख्या संशोधकाला ही व्यवस्था क्षुल्लक वाटेल, पण ईशान्येकडच्या एखाद्या महाविद्यालयातून शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा त्यामागे ती असते.

आयुकाची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. आवारात फूकोचा लंबकही आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा एक फेरा पूर्ण करायला सुमारे ७५ तास घेते, म्हणजे तासाला पाच अंशांहूनही थोडी कमी सरकते. जेवणाआधी एकदा आणि नंतर एकदा पाहिला तर पृथ्वी फिरते आहे हे डोळ्यांनी दिसते. पाहुण्याला दाखवायची इतकी सोपी आणि इतकी खोल वस्तू फार संस्थांच्या अंगणात नसते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मोठे शास्त्रज्ञ शाळेच्या कार्यक्रमाला येतात, भाषण करतात, हार स्वीकारतात आणि जातात. नारळीकरांनी शालेय शिक्षणासाठी त्यापलीकडे काही केले का? (कोल्हापूर जिल्हा)

केले, आणि त्यातले एक काम तुमच्या शाळेच्या कपाटातही असण्याची शक्यता आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने विज्ञान आणि गणिताची जी पाठ्यपुस्तके तयार केली, त्यांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष नारळीकर होते. पुस्तकाची सुरुवातीची पाने उलटलीत तर नाव दिसेल. ती पाने कुणी वाचत नाही, त्यामुळे या कामाचा उल्लेख मृत्युलेखांतही क्वचितच आला.

आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी प्रात्यक्षिकासह व्याख्याने होतात, इंग्रजीबरोबर मराठी-हिंदीतूनही. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुले एकेका आठवड्यासाठी संशोधकांबरोबर प्रकल्प करतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला संस्थेचे दार सर्वांना उघडे असते. पुढे आवारातच मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीला ‘पुलस्त्य’ असे नाव आहे : सप्तर्षींतला एक तारा, आणि ज्यांच्या प्रतिष्ठानाने तिला मदत केली त्या पु. ल. देशपांडे यांची आठवण. आगपेट्या, काड्या, सायकलच्या नळ्या आणि रिकाम्या बाटल्यांतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता तिथे अनेक वर्षे काम करीत होते. ही खेळणी करायला लागणारे सामान तुमच्या शाळेच्या केराच्या टोपलीत आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’ हे वाक्य मी शिक्षक म्हणून स्वतःही पुष्कळदा उच्चारले आहे.

नारळीकरांना स्वतःला शिक्षण कसे मिळाले, हेही तुम्हाला उपयोगी पडेल. ते जन्मले कोल्हापुरात, १९ जुलै १९३८ रोजी, आणि वाढले बनारसला, कारण वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरात फळे होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत, वर ‘जयंत नारळीकरांना आव्हान’ अशा अर्थाचा मथळा असे, आणि भाच्याला ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. गुण द्यायचे नाहीत, वेळेची मर्यादा नाही, आणि उत्तर सांगायचे नाही. वर्गाच्या फळ्याचा एक कोपरा असा राखून ठेवायला मुख्याध्यापकांची परवानगी लागू नये.

प्रश्न : नारळीकरांनी ज्योतिषाची चाचणी घेतली आणि ते खोटे ठरवले, असे म्हणतात. खगोलशास्त्रज्ञाला फलज्योतिषातले काय कळणार? चाचणीतच खोट असू शकते. (पुणे)

चाचणीत खोट असू शकते ही शंका रास्त आहे, आणि चाचणी कशी घेतली हे पाहूनच ती फेडता येते. तसेच या चाचणीला खगोलशास्त्र लागत नाही, संख्याशास्त्र लागते. म्हणूनच नारळीकरांबरोबर पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे नरेंद्र दाभोलकर होते.

शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा आणि जन्मस्थळे मिळवून दोनशे पत्रिका मांडण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, ही माहिती कुंटे यांच्याकडे सांकेतिक क्रमांकांखाली बंद होती. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका पाठवायच्या आणि त्याने एवढेच सांगायचे, की हे मूल हुशार आहे की मतिमंद. लग्न कधी होईल, परदेशगमन आहे का, असे वाऱ्यावर सोडता येणारे प्रश्न नव्हते. पत्रिकेतून बुद्धीचा अंदाज येतो, असे ज्योतिषीच म्हणत असल्यामुळे हा प्रश्न त्यांच्या अंगणातला होता.

नाणे उडवले तर चाळिसांतली सरासरी वीस उत्तरे बरोबर येतील. अठ्ठावीस किंवा अधिक बरोबर आली तर काहीतरी आहे, असे मानायचे आधीच ठरले होते, कारण निव्वळ योगायोगाने अठ्ठावीस येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. एकालाही अठ्ठावीस गाठता आले नाहीत, सर्वांत वरचा आकडा चोवीस होता आणि एकंदर यश ४६ टक्के होते. नाण्याने किंचित बरे काम केले असते. हे निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यावरून जगातले सर्व ज्योतिष खोटे ठरले, असे म्हणता येत नाही. या एका दाव्याला या एका चाचणीत आधार मिळाला नाही, एवढेच ठरले. तुम्हाला खोट दिसत असेल तर अधिक चांगली चाचणी सुचवा. आकडे किती हवेत आणि यश कशाला म्हणायचे हे मात्र पत्रिका उघडण्यापूर्वी लिहून द्या.

प्रश्न : हवेच्या वरच्या थरांत परग्रहावरचे जंतू सापडले आणि ते नारळीकरांनी शोधले, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. खरे आहे का? (नाशिक)

अर्धे खरे. नारळीकरांनी पुढाकार घेतलेल्या आणि इस्रोच्या पाठबळाने झालेल्या प्रयोगांत २००१ आणि २००५ साली हैदराबादहून फुगे सोडण्यात आले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून खाली आणले गेले. दुसऱ्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतल्या एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले आहे. ते पृथ्वीबाहेरून आले, असे मात्र सिद्ध झाले नाही आणि तसे जाहीरही केले गेले नाही. तुमच्या मोबाइलवरच्या संदेशातले ‘परग्रहावरचे’ हे विशेषण वाटेत कुणीतरी घातलेले आहे.

प्रश्न : एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने विज्ञानकथा, आणि त्याही मराठीत, लिहिण्यात वेळ का घालवला? (डोंबिवली)

‘घालवला’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, पण प्रश्न समजला. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकरांचे नाव तोवर घरोघरी पोचले होते. नाव पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. हस्ताक्षरही ओळखीचे असेल, या शंकेने कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. कथा कृष्णविवराची होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. दोनशे पत्रिकांवरचे सांकेतिक क्रमांक आणि हे उसने नाव यांत मला तरी एकच स्वभाव दिसतो : परीक्षकाला उत्तरपत्रिका कुणाची आहे हे कळता कामा नये.

मराठीत का, याचे उत्तर सोपे आहे. कृष्णविवर हा शब्द आज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत अवतरणचिन्हांशिवाय येतो. पारिभाषिक कोशात शब्द असून भागत नाही, तो गोष्टीत, लेखात, व्याख्यानात वारंवार वापरावा लागतो तेव्हा कुठे रुळतो. नारळीकरांची भाषा अलंकारिक नव्हती. त्यांच्या कथांतली माणसे पुष्कळदा कल्पनेची वाहक म्हणूनच येतात, ही टीकाही खोटी नाही. पण वाक्य सरळ आणि कार्यकारणभाव चोख. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी मिळाला, आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वैज्ञानिकाला ते पद मिळावे का, यावर तेव्हा कुजबुज झाली, पण फार काळ टिकली नाही.

प्रश्न : मंगला नारळीकरांचा उल्लेख नेहमी ‘पत्नी’ म्हणूनच का होतो? (सातारा)

वरच्या उत्तरात मीही तेच केले, तेव्हा पत्र वेळेवर आले. मंगलाताई स्वतः गणिती होत्या, त्यांनी संशोधन केले, अध्यापन केले, आणि सोप्या भाषेत गणित समजावणारे पुष्कळ लेखन केले. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष असताना २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर थट्टेला ऊत आला. जोडाक्षरांनी भरलेली मराठी संख्यानामे लहान मुलांना संख्येच्या रचनेपासून दूर नेतात, ही त्यांची बाजू त्यांनी शांतपणे मांडली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या मुलाला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक शिकवला होता, कोण जाणे. जुलै २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे. आम्ही शेतकरी कुटुंबातले आहोत. वाट कशी आहे आणि पोट भरेल का? (हिंगोली जिल्हा)

वाट लांब आहे, महाग असलीच पाहिजे असे नाही. अकरावी-बारावीला भौतिकी आणि गणित पक्के करायचे. ताऱ्यांची नावे पाठ असण्यापेक्षा कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येणे अधिक गरजेचे आहे, हे तिला आताच सांगा. पुष्कळ मुले इथेच हिरमुसतात. बारावीनंतर चांगल्या महाविद्यालयातून भौतिकीत बी.एस्सी. करता येते किंवा प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संस्थेत जाता येते. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी आयुका आणि तिच्या शेजारचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांची स्वतंत्र परीक्षा असते, शिवाय ‘जेस्ट’ ही अनेक संस्थांची सामायिक परीक्षा असते. पीएच.डी.च्या काळात शिष्यवृत्ती मिळते. शाळकरी वयात खगोलशास्त्र ऑलिंपियाडची तयारी करायला हरकत नाही, ती मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होते. संगणकावर पायथनसारखी भाषा लवकर शिकावी, कारण आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावण्यापेक्षा पडद्यावरच्या डेटाशी झगडण्यात दिवस घालवतो.

कायमस्वरूपी संशोधनाच्या जागा थोड्या असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पीएच.डी.नंतर काही वर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर, बहुधा परदेशात, काढावी लागतात. पण गणित, संगणक आणि डेटा हाताळणे हे कौशल्य बाहेर उपाशी राहू देत नाही. आणि तुमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तुमची मुलगी पीएच.डी.ला पोचायला आठ-नऊ वर्षे लागतील, आणि अशा प्रकल्पांनाही तेवढीच लागतात.

प्रश्न : सूर्याचे कृष्णविवर झाले तर ते पृथ्वीला गिळून टाकेल का? (इयत्ता सातवी, जुन्नर)

हे पत्र खरोखरच पोस्टकार्डावर आले आहे, म्हणून शेवटी ठेवले.

पहिली गोष्ट, सूर्याचे कृष्णविवर होणार नाही. त्यासाठी तारा सूर्याच्या कितीतरी पट जड असावा लागतो. आपला सूर्य सुमारे पाचशे कोटी वर्षांनी फुगून तांबडा होईल आणि नंतर आकसून पृथ्वीएवढा लहानसा श्वेत बटू, म्हणजे हळूहळू निवत जाणारा पांढरा तारा, बनेल.

पण समज, कुणी जादूने आज रात्री सूर्य काढून त्याच जागी त्याच वजनाचे कृष्णविवर ठेवले. त्याची त्रिज्या सुमारे तीन किलोमीटर भरेल, म्हणजे तुमच्या शिवनेरीच्या आसपासच्या मुलखात ते सहज मावेल. आता पृथ्वीला ओढणारे बळ दोनच गोष्टींवर ठरते : समोरच्या वस्तूचे वस्तुमान आणि तिचे अंतर. दोन्ही बदललेली नाहीत. वस्तू फुगलेली आहे की दाबून बसवलेली, याची पृथ्वीला पंधरा कोटी किलोमीटरवरून काहीच खबर नसते. कृष्णविवर गिळते ते अगदी जवळ गेलेल्याला. म्हणून पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील आणि वर्षही तेवढ्याच दिवसांचे असेल. आठ मिनिटे वीस सेकंदांनी मात्र अंधार पडेल, आणि मग थंडी.

तुझे उत्तर वेगळ्या पोस्टकार्डावर टाकले आहे. खाली स्वाक्षरी आहे, ती माझीच आहे, तेवढी चालवून घे.